विजेचं बिल मागितलं होतं का?

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता क्लबहाऊसमध्ये पंधरा-वीस माणसं जमतात. चहा असतो, कुणीतरी घरून चिवडा आणतं आणि दीड तास एका प्रश्नावर चर्चा होते. विवेकानं विचार करायची सवय लागावी, हा या जमण्यामागचा हेतू. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, संगणकाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या एका मुलीनं हे सुरू केलं. तिनंच मला एकदा लिफ्टमध्ये गाठलं. "काका, तुम्ही लेखक. आम्हाला वर्षभराचे बारा प्रश्न काढून द्या ना." मला बरं वाटलं, हे कबूल करतो. निवृत्त माणसाकडे हल्ली लोक काही मागत नाहीत. फार तर सोसायटीचे हिशेब तपासून मागतात.

तिसऱ्या दिवशी माझे बारा प्रश्न तयार होते. देव आहे का? फलज्योतिष हे शास्त्र म्हणता येईल का? वास्तुदोष, पुनर्जन्म, दृष्ट लागणं, असं सगळं त्यात होतं. आणि माझा विशेष लाडका प्रश्न म्हणजे २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध प्यायला, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?

पहिल्या बैठकीत तोच घेतला. दीड तास मोठी मजा आली. चमच्यातलं दूध मूर्तीच्या सोंडेला टेकलं की पृष्ठताणामुळे ते ओढलं जातं आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थरानं खाली ओघळतं, शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते ओघळताना दाखवलं होतं, हे आमच्यातल्या निवृत्त प्राध्यापकांनी छान समजावून सांगितलं. सगळे हसले. त्या दिवशी देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या, पण त्या रांगेत उभं राहिलेलं एकही माणूस आमच्या क्लबहाऊसमध्ये निघालं नाही!

घरी आलो. पत्नीनं विचारलं, "मग आज कुणाचं मत बदललं?"

"बदलायचं काय? सगळ्यांना पटलेलंच होतं."

"हो का? त्या गुरुवारी संध्याकाळी बँकेतून आल्यावर तुम्ही 'काहीतरी असेल बुवा' म्हणाला होतात. ते सांगितलंत का तिथे?"

सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे आठवतही नव्हतं.

ज्या प्रश्नाच्या योग्य बाजूला जमलेली सगळीच माणसं आधीपासून बसलेली आहेत, तो प्रश्न विचार करायला लावत नाही, फक्त एकमेकांची पाठ थोपटायला लावतो. अंधश्रद्धेविरुद्ध बोलू नये असं मला म्हणायचं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्यापायी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमवावे लागले आणि त्यानंतरच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण दाभोलकर ज्यांना बोलत, त्यांच्या समोर जाऊन बोलत. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली ती काही दूरच्या लोकांना नावं ठेवल्याबद्दल नव्हे. आपल्याच आळीतल्या, आपल्याच जातीतल्या माणसांना त्यांनी अडचणीत आणलं होतं. आम्ही क्लबहाऊसमध्ये चहा पिऊन कुणालाच अडचणीत आणत नव्हतो, स्वतःला तर नाहीच.

मी यादी फाडली.

पुढच्या महिन्यात एक खेळ घेतला. खेळ माझा नाही. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं तो १९६० साली प्रसिद्ध केला. फळ्यावर तीन आकडे लिहायचे : २, ४, ६. हे आकडे एका नियमात बसतात, तो नियम ओळखायचा. त्यासाठी तुम्ही हवे तेवढे तीन-तीन आकडे सुचवायचे, मी फक्त 'बसतात' किंवा 'बसत नाहीत' एवढंच सांगणार. आमचे प्राध्यापक पुढे सरसावले. ८, १०, १२? बसतात. २०, २२, २४? बसतात. १००, १०२, १०४? बसतात. "दोन-दोननं वाढणाऱ्या सम संख्या!" त्यांनी जाहीर केलं. चूक. १, ३, ५? बसतात. "मग नुसतं दोन-दोननं वाढणं." चूक. अर्धा तास असा गेला. शेवटी चिवडा आणणाऱ्या बाईंनी कंटाळून विचारलं, "६, ४, २ चालतं का हो?" मी म्हटलं, "बसत नाहीत." त्या दिवसातला तो पहिला नकार. तिथून पुढे पाच मिनिटांत उत्तर आलं. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा, बास, एवढाच नियम.

वेसनच्या खोलीतही बहुतेकांचं असंच झालं होतं. आपल्याला जे वाटतं, त्याला 'हो' मिळेल असेच आकडे माणूस सुचवत राहतो. ज्यातून 'नाही' ऐकावं लागेल ते सुचवणं त्याच्या मनातच येत नाही.

फळा पुसता पुसता मला एक खातं आठवलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एमआयडीसीत प्लास्टिकच्या पाइपांचा एक छोटा कारखाना होता, त्याचं कॅश क्रेडिट खातं आमच्याकडे. मालक तरुण, बोलायला गोड, कष्टाळू वाटणारा. कर्ज मीच मंजूर केलेलं. दोन वर्षांनी त्यानं लिमिट वाढवून मागितलं. आमच्या लेजरवर एक क्लार्क बाई होत्या, त्या केबिनमध्ये आल्या. "साहेब, या खात्यात गिऱ्हाइकांचे चेक फारसे येतच नाहीत. व्याज लागलं की महिनाअखेरीला तेवढीच रोकड भरतात. एकदा त्यांच्याकडून विजेचं बिल मागून बघा ना. कारखाना चालत असेल तर बिलात दिसेलच."

किती साधी गोष्ट! मशीन चालल्याशिवाय पाइप निघत नाही आणि विजेशिवाय मशीन चालत नाही. एका कागदात निकाल लागला असता. मी मात्र स्टॉक तपासायला गेलो. गोदामात कच्च्या मालाची पोती थप्पीनं लावलेली होती. पुढची रांग मोजली, मागच्या रांगांनी गुणलं. स्टॉक स्टेटमेंट बघितलं, ते बरोबर जुळलं. जुळणारच, त्यानंच लिहिलेलं होतं. जुनी बिलं बघितली, शेजारच्या कारखानदाराला विचारलं, त्यानं चांगलंच सांगितलं. परत येऊन चार पानी अहवाल लिहिला. विजेचं बिल मागितलं नाही.

विसरलो असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता वाटतं, मागे राहिलेला तो एकच कागद असा होता की ज्यातून 'नाही' आलं असतं, आणि कर्ज माझ्या सहीचं होतं.

लिमिट वाढलं. दीड वर्षानं खातं बुडालं. मागच्या रांगांतल्या पोत्यांत भुसा होता. मी तोवर बढतीवर दुसरीकडे गेलो होतो. मेमो माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला मिळाला. त्याहून वाईट म्हणजे जामीनदार होता मालकाचा मेहुणा, प्राथमिक शिक्षक. गावात घर बांधायला घेतलेला प्लॉट त्याला वसुलीपायी विकावा लागला. वाढीव कर्जाच्या कागदांवर त्याची सही घेताना "काही काळजी नाही ना, साहेब?" असं त्यानं मला विचारलं होतं. मी काय म्हणालो असेन, ते वाचकांनी ओळखावं.

मी पाच कादंबऱ्या लिहिल्या, पण हे कधी लिहिलं नाही. कादंबरीत लेखकाचं बरं असतं. तिथली पात्रं त्याच्या मनाविरुद्ध कागद पुढे करत नाहीत. चार्ल्स डार्विनचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की तो ती ताबडतोब टिपून ठेवी, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशाच गोष्टी डोक्यातून लवकर निसटतात, असा त्याचा अनुभव होता. आत्मचरित्रात त्यानं तसं नोंदवलं आहे.

ही सगळी हकिगत मी तिसऱ्या बैठकीत सांगितली. दुधाचंही सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. आता आमच्याकडे प्रश्न वेगळे असतात. तुमचं मत शेवटचं कधी बदललं, आणि कशानं? काय दिसलं तर तुम्ही 'माझं चुकलं' म्हणाल? आणि तिसरा, मला फार आवडणारा. आपण सहज म्हणतो 'सोळा आणे खरं'. पण खरोखर किती आणे? मुलाला अमुक शाखेलाच घाला असं सांगणारा बाप किती आण्यांनी सांगतो आहे? बारा? नऊ? आणे मोजायला लागलं की आवाज आपोआप खाली येतात असा माझा अनुभव आहे. दोघंतिघं मात्र यायचे बंद झाले. त्यांना जुने प्रश्न बरे वाटत होते.

गेल्या महिन्यात बैठक संपल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, कधी फारसं न बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्लास्टिकची फाइल घेऊन घरी आले. एका पतसंस्थेत त्यांनी निवृत्तीच्या पैशातला मोठा हिस्सा ठेवलेला होता. राष्ट्रीयीकृत बँकांपेक्षा व्याज बरंच जास्त. चार वर्षं व्याज वेळेवर मिळत होतं, आणि आता मुदत संपल्यावर पुन्हा तिथेच ठेवावं, असं त्यांच्या मनात होतं. पावत्या, व्याजाच्या नोंदी, संस्थेच्या वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिका, अध्यक्षांबरोबरचा फोटो, सगळं नीट लावलेलं होतं.

चहा झाला. फाइल माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "यात विजेचं बिल कुठलं, तेवढं सांगा."

आम्ही दोघं तासभर बसलो. संस्थेचा ताळेबंद त्यात नव्हता. लेखापरीक्षणात कुठला वर्ग मिळाला, अ की ड, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. वाटलेल्या कर्जांपैकी थकबाकी किती आणि त्यात संचालकांच्या नातेवाइकांची किती, हेही नाही. तिथेच त्यांनी पत्राचा मसुदा केला, मी एक-दोन शब्द बदलले. जाताना दारात थांबून ते म्हणाले, "व्यवस्थापक मुलाच्या मित्राचे वडील आहेत हो. त्यांना वाईट वाटेल."

पत्र त्यांनी त्याच दिवशी नेऊन दिलं, पोच घेतली. मुदत पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला संपते. उत्तर अजून आलेलं नाही.