मासा मीच टिपणार!

2022 च्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ला बघून झाला, सोलकढी पिऊन झाली आणि मग पोरांच्या हट्टापायी स्नॉर्केलिंग. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तोंडात नळी धरून, अंगात नारिंगी जॅकेट चढवून मी किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरले. उतरले म्हणजे काय, ढकललीच गेले. सोबतचा मुलगा म्हणाला, ‘‘काकी, काय होवचा नाय. ट्यूब घट्ट धरा नि डोकं खाली घाला.’’

डोकं खाली घातलं आणि मी गप्पच झाले. दीड-दोन मीटर खाली खडक होता. त्यावर जांभळट डागासारखं काहीतरी पसरलेलं, आणि तळहाताएवढा एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा त्या डागाभोवती सारखा येरझाऱ्या घालत होता. दुसरा कुणी जवळ आला की अंगावर धावून जायचा. मी बराच वेळ तेच बघत राहिले. घरी आल्यावर वाचलं, तेव्हा उलगडा झाला. तो सार्जंट मेजर जातीचा मासा असणार. यांच्यात मादी खडकावर अंडी घालून निघून जाते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत राखण करतो तो बाप! अंड्यांचा थर जांभळट दिसतो. म्हणजे मी बघत होते ते एका बापाचं बाळंतपण. आता हे कुणाला सांगायचं तर दाखवायला हवं ना? दाखवायला काय होतं? बोटवाल्यांनी दिलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात मी आहे. मुखवट्यात चेपलेलं नाक, अंगठा वर, समोर पावाचा तुकडा आणि त्यावर तुटून पडलेले मासे. नवऱ्याच्या व्हिडिओत तेच, मुलाच्या व्हिडिओत तेच. चेहरे तेवढे वेगळे.

माझा राग त्या पोरांवर नाही. ती दिवसभर पाण्यात असतात, लोकांना हेच हवं असतं. पण मैत्रिणींनो, मला तेव्हा जाणवलं की मी जे पाहिलं त्याचा फोटो कुणाकडेच नाही. मला पाहिलं त्याचा मात्र आहे. लग्नाच्या अल्बमपासून हे असंच चालत आलंय. घरचा कॅमेरा नवऱ्याच्या गळ्यात, मग तो मुलाच्या हातात, आणि आपण ‘जरा इकडे सरक, हस’ हे ऐकायला. तर पुढच्या खेपेला कॅमेरा माझा असेल, असं मी जाहीर केलं.

घरी परिषदच भरली. ‘‘वर्षातून एकदा जाणार, त्यासाठी कॅमेरा?’’ हे यजमान. ज्यांनी दोन भोकं पाडायला ड्रिल मशीन घेतलं आणि ते आजतागायत माळ्यावर आहे, तेच हे. बाईच्या खर्चाला आधी उपयोग सिद्ध करावा लागतो, एवढंच म्हणते आणि पुढे जाते. भिशीचे दहा हजार माझ्याकडे होते. त्याच्या वर एक रुपयाही जायचं नाही, ही माझी अट मीच घातली.

पहिला उपाय अर्थातच फोन. गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी दोन-तीनशेला मिळते. माझ्या नणंदेने ती वापरली आणि तिचा फोन कायमचा गेला. क्लिपच्या कडेला वाळूचा एक कण अडकला होता, बाकी काही नाही. मी सुद्धा एक आणून आत टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून बघितली. कागद कोरडा राहिला हो! पण फोन घालून बघितला तर वेगळीच पंचाईत. पाण्यात टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही, कधी आपोआपच भलतं काहीतरी दाबलं जातं. आवाजाच्या बटणाने फोटो काढता येतो, पण त्यासाठी पिशवी दोन्ही हातांनी चाचपावी लागते. आणि खोक्यावर छापलेल्या ‘आयपी 68’वर तर अजिबात भाळू नका. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. समुद्र खारा आणि हलता. शिवाय पाण्याने झालेलं नुकसान कंपन्या सहसा हमीत धरत नाहीत. ज्या फोनमध्ये आपली बँक, गॅसचं बुकिंग आणि सासूबाईंच्या डॉक्टरांचे नंबर आहेत, तो मी माशांपुढे धरणार नाही.

चिरंजीवांचं मत अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला. ‘‘आई, गोप्रो घे, सगळे तेच घेतात.’’ वस्तू चांगली आहे, नाही म्हणत नाही. त्यांची नेहमीची मॉडेलं वेगळ्या डबीशिवाय 10 मीटरपर्यंत चालतात, हलत्या पाण्यातही व्हिडिओ स्थिर येतो. व्हिडिओच हवा असेल तर तेच घ्या. पण त्याची नजर फार रुंद. सगळा समुद्र मावतो आणि मासा मोहरीएवढा होतो. मला मोहरी नको होती, मला तो बाप हवा होता. आणि नवा घ्यायचा तर तो माझ्या भिशीत बसतही नव्हता. त्याच्यासारखे दिसणारे स्वस्त कॅमेरे बसत होते, पण त्यातले बरेचसे स्वतः जलरोधक नसतात. सोबतची पारदर्शक डबी ते काम करते. डबी नीट लागली नाही की संपलं.

उरला तो जुन्या वळणाचा, खिशात मावणारा जलरोधक कॅमेरा. खरं सांगते, मासे-खडकांचे फोटो काढणाऱ्या आपल्यासारख्या हौशी बाईला हाच योग्य, असं माझं ठाम मत झालंय. त्याचं कारण तांत्रिक कमी आणि शारीरिक जास्त आहे. मालवणात आपला एक हात ट्यूबला असतो. म्हणजे कॅमेरा एका हाताने, अंगठ्याच्या अंदाजाने चालला पाहिजे. बटणं मोठी, उठावदार हवीत. दुसरं, चाळिशी! मुखवट्याच्या आत चष्मा बसत नाही. त्यात पाण्याखाली वस्तू असते त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ भासते. ज्यांना जवळचं दिसत नाही त्यांना हातातला स्क्रीन आणखीच धूसर. हे एकाही दुकानदाराने मला सांगितलं नाही. सांगणार कसे, सगळे पंचविशीतले. म्हणून सगळी जुळवाजुळव घरीच करायची. ‘अंडरवॉटर’ मोड लावून टाकायचा, फ्लॅश बंद करायचा आणि पाण्यात फक्त एक बटण दाबायचं.

या प्रकारातला ऑलिम्पसचा ‘टफ’ फार वाखाणला जातो. टीजी-6 हा 2019 चा, त्यानंतरचा टीजी-7 हा 2023 चा, ओएम सिस्टीम या नव्या नावाने आलेला. दोन्ही 15 मीटरपर्यंत चालतात. फोटो बघून जीव हरखतो, किंमत ऐकून जागेवर येतो. कोडॅकचा डब्ल्यूपीझेड-2 ही 15 मीटरचा आणि त्यामानाने पुष्कळच स्वस्त, पण माझ्या दहा हजारांत तोही नव्हता. फुजीफिल्मची ‘एक्सपी’ नावाची मालिका खास अशा घरगुती गिऱ्हाइकांसाठी होती, पण 2019 च्या एक्सपी 140 नंतर तिच्यात नवा कॅमेरा आला नाही. सगळ्यांच्या हातात फोन आल्यावर साधे कॅमेरे घेणार कोण? त्यामुळे आता आपल्यासमोर खरा रस्ता उरतो तो वापरलेल्या वस्तूचा. आपल्याकडे बायकांना सेकंडहँड म्हटलं की कमीपणा वाटतो. मला नाही वाटला. ओळखीतल्या एकीकडे त्याच मालिकेतला जुना, 15 मीटरचा कॅमेरा कपाटात पडून होता. तिच्या मुलाची हौस फिटली होती. साडेसहा हजारांना सौदा ठरला.

वापरलेला घेताना खरी गोम असते ती बॅटरीच्या झाकणाच्या कडेच्या रबरात. प्रेशर कुकरच्या रिंगचं जे होतं तेच याचंही होतं, कडक पडतं, चिरा जातात. कुकरची रिंग बदलायची वेळ आपण नुसत्या बोटाने ओळखतो, तशीच ही तपासायची. मी तर अट घातली की आधी बादली. बॅटरी नि कार्ड काढून, आत कोरड्या टिश्यूची घडी ठेवून, झाकण लावून अर्धा तास पाण्यात. मध्ये मध्ये सगळी बटणं दाबायची, बुडबुडे येतात का बघायचं. विकणारीला राग आला तर येऊ दे. अर्थात बादलीत पास झाला म्हणजे 15 मीटरची खात्री नाही मिळत. पण आपण तरंगणार एक-दोन मीटरवर, मला तेवढंच हवं होतं. त्याचमुळे 25-30 मीटरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. मेगापिक्सेलच्या आकड्यासाठी तर नकोच नको. जादा पैसे खर्च करायचे ते तरंगणाऱ्या मनगटपट्ट्यावर. असले कॅमेरे दगडासारखे बुडतात, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी कुणी आपल्यासाठी बुडी मारत बसणार नाही.

2024 च्या डिसेंबरात पुन्हा मालवण. बोटीवरच मी सांगून टाकलं की माझ्या जवळ पाव टाकू नका. तो पोरगा हसला. पण पाव टाकला की मासे मूळची कामं सोडून धावतात, आणि मला ती कामंच बघायची होती. खाली पोवळी असतात, तीही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघासोबत नोंदलेली, म्हणून कुठे पाय टेकायचा नाही हेही लेकाला बजावलं. पाणी त्या दिवशी गढूळच होतं. गढूळ पाण्यात झूम करू नये, मधलं सगळं धुकं फोटोत येतं, जवळ जावं. फ्लॅश तर मुळीच नाही, तरंगते कण चमकून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. ऊन डोक्यावर असलं तर वरच्या दोन मीटरात रंग बऱ्यापैकी येतात. खोल गेलं की पाणी आधी लाल रंग गिळतं, मग सगळंच निळं-हिरवं.

चाळीस मिनिटांत एकशे बारा फोटो काढले. त्यातले साठ नुसत्या पाण्याचे. वीस-बावीस माशांच्या शेपट्यांचे, कारण बटण दाबून फोटो निघेपर्यंत मासा पुढे गेलेला. सहा माझ्याच अंगठ्याचे. परत आल्यावर नवरा म्हणाला, ‘‘बघू, काय आलंय?’’ आणि बोटीवरच झाकण उघडायला निघाला. ओल्या हातांनी! मी कॅमेरा हिसकावूनच घेतला. झाकण उघडायचं ते खोलीवर जाऊन, कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत भिजवून, पुसून, सावलीत वाळवल्यावर. आणि पुन्हा बंद करताना रबरावर केस नाही ना ते बघायचं. आपल्या लांब केसांचा एक केस सुद्धा पाण्याला वाट करून देतो.

जांभळट डाग या खेपेला दिसला नाही, खूप शोधला. पट्ट्यांचा मासा मात्र आला, एका फोटोत अगदी डोळ्याला डोळा भिडवून, थोडासा तिरका. तो मी आठ बाय दहाचा छापून घेतला आणि दिवाणखान्यात लावला, लग्नाच्या फोटोशेजारी. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता काहीतरी कौतुक करतील.

‘‘हा खातात का गं?’’ त्यांनी विचारलं.