खुर्ची सोडण्याचे बळ

एप्रिल महिना लागला की चिंचपोकळीपासून परळपर्यंत जयंतीचे फलक झळकू लागतात. कित्येक फलकांवर बाबासाहेब कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढे. मधोमध हात जोडून उभा असतो तो भावी नगरसेवक! ज्या परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब दोन खोल्यांत वर्षानुवर्षे राहिले, तिच्या आसपासची ही अवस्था आहे.

सत्ता नको, असे आम्ही म्हणत नाही. राजकीय सत्ता ही प्रगतीची गुरुकिल्ली आहे, हे बाबासाहेबांनीच शिकवले. डोळे मिटून बसा आणि राजकारण विसरा, असे सांगणाऱ्यांपासून समाजाने सावधच राहावे. पण किल्ली कुलूप उघडण्यासाठी असते, कमरेला मिरवण्यासाठी नव्हे.

१९५१ साल आठवा. बाबासाहेब कायदामंत्री होते, प्रकृती खालावली होती. हिंदू कोड बिल लवकर घ्या, असे त्यांनी ऑगस्टमध्ये नेहरूंना पत्राने कळवले. चार कलमे मंजूर झाली आणि बिल गुंडाळले गेले. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. कारणे आणखीही होती. अनुसूचित जातींची उपेक्षा हे त्यांतले एक. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना मंत्रिपद सोडणे म्हणजे काय, हे आजच्या पुढाऱ्यांना विचारा. १९५२ मध्ये मुंबईत त्यांचा पराभव झाला. तरी खुर्ची सोडल्याचा पश्चात्ताप त्यांनी केला नाही.

हे बळ कोठून आले? त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य संघ कोलियांशी युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ बहुमतापुढे झुकत नाही, देशत्याग पत्करतो. पुढे बिंबिसार राज्य देऊ करतो, तेही नाकारतो. तृष्णा मनात उठताच ती ओळखणे, ही सम्यक स्मृती. तिला गूढ साधनेची गरज नाही.

आणि आम्ही? १९९८ मध्ये रिपब्लिकन ऐक्याचे चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले. १९९९ ची निवडणूक येईतो ऐक्य फुटले होते. प्रत्येकाला पक्ष हवा होता, पण आपल्या नावाच्या कंसातला!

दिल्लीचे सोडा. विहाराच्या अध्यक्षपदासाठी आमचेच बांधव धर्मादाय आयुक्तांकडे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. कलम २२ खालचे बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात. मुदत संपलेला अध्यक्ष दप्तर देत नाही, नवा हिशेब मागतो, आणि विहाराला कुलूप लागते. वकील म्हणून या फायली आम्ही हाताळतो. त्यांत पैसा फारसा नसतो. असते ती माईक धरण्याची आणि पहिल्या खुर्चीची हाव.

वर्षावासात विहाराविहारांत ग्रंथवाचन होते. या वर्षी रोहिणीचे प्रकरण वाचून झाले की ज्या विश्वस्तांची मुदत संपली आहे त्यांनी त्याच बैठकीत दप्तर नव्यांच्या हाती द्यावे आणि बदल अर्जावर सही करावी. अर्ज आम्ही विनामूल्य लिहून देऊ.