निवडणाऱ्याला मार्क किती?

आयपीएलचा लिलाव संपायच्या आत तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागलेला असतो. 'याला एवढे कोटी?', 'त्याला कसा काय सोडला?', 'यांचा स्काउट झोपला होता का?' पोरं मैदानात उतरायला अजून काही महिने असतात, पण निवड करणाऱ्याचा पेपर आपण तपासून मोकळे होतो.

ऑस्ट्रेलियात हाच तमाशा दर नोव्हेंबरात होतो, एएफएलच्या ड्राफ्टच्या वेळी. एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. बॉल लंबगोल, मैदान लंबगोल, एका बाजूला १८ जण आणि हात-पाय दोन्ही चालतात. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही, नंबर लागतो. मागच्या मोसमात जो क्लब तळाला, तो पहिला निवडणार आणि विजेता शेवटी. निवडली जाणारी पोरं बहुतेक १८ वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची. क्लब त्यांनी निवडायचा नाही. ज्यानं नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं, मग ते शहर घरापासून अडीच हजार किलोमीटर का असेना.

ही नावं ठरवतो क्लबचा रिक्रूटर. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव म्हणजे जिलाँग क्लबचा स्टीफन वेल्स. मेलबर्नजवळचं जिलाँग हे तसं मध्यम शहर. तिथल्या क्लबनं १९६३ नंतर ४४ वर्षं विजेतेपद पाहिलं नव्हतं. मग २००७, २००९, २०११ आणि २०२२ अशी चार आली. यामागे वेल्सची नजर होती, असं तिकडे सरसकट मानलं जातं. पण नजर होती म्हणजे नक्की काय होतं? चला, त्याचा पेपर नीट तपासू.

पहिला प्रश्न : नंबर कितवा होता?

पहिल्या नंबरला चांगला खेळाडू उचलणं म्हणजे टॉपर पोराला क्लासमध्ये ॲडमिशन देऊन रिझल्टची जाहिरात करणं. लीगलाही हे कळतं. २०१५ मध्ये लीगनं प्रत्येक नंबरची किंमत ठरवणारा एक तक्ता लागू केला. त्यात पहिल्या नंबरला ३००० गुण होते, दहाव्याला १३९५ आणि चाळिसाव्याला फक्त ४२९. म्हणजे चाळिसाव्या पोराकडून अपेक्षाच कमी.

आता वेल्सचं १९९९ बघा. जोएल कोरी आठव्या नंबरला, पॉल चॅपमन ३१ व्या, कॅमेरॉन लिंग ३८ व्या आणि कोरी एनराइट ४७ व्या. हे चौघेही २००७, २००९ आणि २०११ या तिन्ही विजेत्या संघांत खेळले. लिंग तर २०११ चा कॅप्टन. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, जिमी बार्टेल आठव्या नंबरला, जेम्स केली १७ व्या, स्टीव्ह जॉन्सन २४ व्या आणि गॅरी ॲब्लेट ज्युनियर ४० व्या. बार्टेल आणि ॲब्लेट या दोघांनी लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळवलं.

दोन वर्षांत आठ जण, आणि त्यातला एकही पहिल्या सातातला नाही. एवढ्यावर पैकीच्या पैकी देऊन टाकावेत असं वाटतं ना? थांबा.

दुसरा प्रश्न : यात नियमाचा वाटा किती?

ॲब्लेटचा ४० वा नंबर फसवा आहे. त्याचे वडील, गॅरी ॲब्लेट सीनियर, जिलाँगचे दिग्गज. एएफएलमध्ये 'फादर-सन' नियम आहे. वडील क्लबसाठी भरपूर खेळलेले असतील, तर मुलावर क्लबचा आधी हक्क. तेव्हा त्यासाठी फक्त तिसऱ्या फेरीतली निवड खर्च करावी लागायची. २००६ मध्ये टॉम हॉकिन्स असाच ४१ व्या नंबरला मिळाला. तो खुल्या ड्राफ्टमध्ये असता तर अगदी वरच गेला असता. त्यानंतर लगेच, २००७ पासून, नियम बदलला आणि इतर क्लबांना अशा मुलांवर दावा लावता येऊ लागला.

तेव्हा ही दोन नावं वेल्सच्या खात्यातून बाजूला काढा. शिवाय २००१ हे वर्षच सुगीचं होतं. त्या वर्षी हॉथॉर्ननं पहिला उचलला ल्यूक हॉज आणि वेस्ट कोस्टनं तिसरा ख्रिस जड. दोघेही दंतकथा झाले. चांगल्या वर्षी सगळ्यांचीच झोळी भरते.

तिसरा प्रश्न : त्याला खरंच माहीत होतं का?

एनराइट पुढे ३३२ सामने खेळला आणि सहा वेळा वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. 'बघा, ४७ व्या नंबरला हिरा शोधला!' असं म्हणायला सोपं आहे. पण त्याच दिवशी वेल्सनं त्याच्याआधी कोरी, चॅपमन, लिंग आणि आणखीही काही पोरं उचलली होती. एनराइट एवढा मोठा होणार हे माहीत असतं, तर त्यानं ४७ पर्यंत वाट पाहिलीच नसती. मधल्या काळात दुसऱ्या कुणी तो उचलला असता तर? म्हणजे इथं नजर होती, पण तिच्याबरोबर नशीबही होतं.

मग कौशल्य कुठे दिसतं? एकाच प्रकारचा निर्णय वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा बरोबर येतो, तिथे. २००६ मध्ये जोएल सेलवुडच्या गुडघ्याला दुखापत होती. पहिल्या सहा क्लबांनी त्याला सोडलं आणि जिलाँगनं सातवा घेतला. तो चारही विजेत्या संघांत होता आणि २०१२ पासून २०२२ पर्यंत कॅप्टन. मार्क ब्लिकाव्स तर स्टीपलचेस धावणारा, ऑलिम्पिकचं स्वप्न बघणारा ॲथलीट. त्याला रुकी म्हणून घेतलं आणि २०१५ व २०१८ मध्ये तो क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टॉम स्ट्युअर्ट २०१६ मध्ये ४० व्या नंबरला आला तेव्हा २३ वर्षांचा होता. ड्राफ्टच्या हिशेबात हे वय म्हणजे गाडी सुटल्यासारखंच. आज बचावपटूंमध्ये त्याचं नाव अव्वल रांगेत घेतात.

गुडघा, दुसरा खेळ, वय. ज्या कारणांवरून बाकीच्यांनी फुली मारली, तिथे हा माणूस दुसऱ्यांदा बघतो. हे एकदा घडलं तर नशीब. दहा वर्षांत तीनदा घडलं, तर ती पद्धत आहे.

चौथा प्रश्न : चुकीचं काय आणि वाईट झालं ते काय?

इथे आपण सगळ्यांत जास्त गडबड करतो. २००९ मध्ये वेल्सनं १७ व्या नंबरला डॅनियल मेन्झेल घेतला. पोरगा भन्नाट होता. २०११ च्या बाद फेरीत गुडघा गेला आणि पुढे एकामागून एक चार शस्त्रक्रिया झाल्या. जवळजवळ चार वर्षं एकही सामना नाही. २०१५ मध्ये तो परतला आणि चांगला खेळलाही, पण वाया गेलेली वर्षं कोण परत देणार? २०१४ मध्ये दहाव्या नंबरला आलेल्या नाकिया कॉकटूलाही दुखापतींनी सोडलं नाही. सहा वर्षांत जिलाँगसाठी त्याचे चाळीस सामनेही झाले नाहीत.

नुसता आकडा बघितला तर या निवडी फसल्या. पण निवड फसणं आणि निवड चुकणं यात फरक आहे. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता का, हे विचारायला हवं. दुसऱ्या बाजूनं, ज्या पोरांचं सोनं झालं, त्यांचं श्रेयही एकट्या वेल्सचं नाही. कोच, ट्रेनर, आजूबाजूचे सीनियर या सगळ्यांनी त्यांना घडवलं. २०२२ च्या संघात तर पॅट्रिक डेंजरफील्ड, जेरेमी कॅमेरॉन, आयझॅक स्मिथ हे दुसऱ्या क्लबांतून आणलेले तयार खेळाडू होते.

मग निकाल?

माझ्या मते वेल्स डिस्टिंक्शनमध्ये पास आहे. फक्त त्याच्याभोवती जी जादूगाराची गोष्ट रचली आहे, तिच्यातून ॲब्लेट, हॉकिन्स आणि थोडं नशीब वजा करा. उरतो तो पद्धतशीर माणूस. तो चुकतो, पण यादीच्या तळाशी पोहोचल्यावरही लक्षपूर्वक बघतो.

हा हिशेब तुम्हाला का सांगतोय? कारण कॉलेजात असताना तुम्ही या टेबलाच्या दोन्ही बाजूंना असता. फेस्टची टीम निवडताना, एकांकिकेची कास्टिंग करताना तुम्ही वेल्स असता. तेव्हा फुली मारण्याआधी कारण नीट तपासा आणि निवड फसली म्हणून निवडलेल्याला झोडपू नका. सीईटीच्या मेरिट लिस्टमध्ये किंवा प्लेसमेंटच्या यादीत तुम्ही ४७ वे असता. त्या नंबरातून एवढंच कळतं की त्या दिवशी, हातातल्या माहितीवर, कुणीतरी तुमच्याबद्दल अंदाज बांधला. तो चुकू शकतो. वर्षभर त्याच कामात असणाऱ्या, भरपगारी, अनुभवी माणसांचाही चुकतो. १९९९ च्या त्या दिवशी लीगमधल्या प्रत्येक क्लबला एनराइट घेता आला असता. सगळ्यांनी त्याला सोडलं, आणि जिलाँगनंही आधी सोडून मगच घेतलं.