बगीच्याची किल्ली कोणाकडे?



शाळेच्या पत्रिकेत रहवासी संघाच्या कारभारावर लेख कशासाठी, असे आपणांस वाटेल. कारण सांगतो. सहावीच्या बाईंनी वर्गाला ‘माझा आवडता खेळ’ हा निबंध दिला होता. वह्या तपासून झाल्यावर त्या आमच्याकडे घेऊन आल्या. अर्ध्याहून जास्त मुलांनी मोबाईलमधील खेळांवर लिहिले होते. एका मुलाने मात्र क्रिकेटवर सुरेख लिहून शेवटी एक ओळ घातली होती, “पण आता आम्ही खेळत नाही, कारण बगीच्याला ताला लागला आहे.” दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही विचारले, कोणाकोणाच्या कॉलनीतला बगीचा संध्याकाळी बंद असतो? जेवढे हात वर आले ते पाहून आम्हांला पुढे काय बोलावे ते सुचेना.

आमच्या पिढीला ही अडचण नव्हती. जुन्या उज्जैनमधील वाड्यात आम्ही वाढलो. ते दिवस फार गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. चार बिऱ्हाडांत एक नल आणि सकाळी संडासासमोर रांग, यात गोड काही नव्हते. पण चौकात खेळायला कोणी मना केली नाही. चौक पुरला नाही तर क्षीरसागर होते, दशहरा मैदान होते. पुढे वाटण्या झाल्या, वाडे विकले गेले, आणि आपली बरीच कुटुंबे फ्रीगंजकडे आणि तिथून ऋषीनगर, महानंदानगर, नानाखेड्याकडे राहायला गेली. घरे मोठी झाली, प्रत्येकाचा संडास वेगळा झाला. सामाईक म्हणावा असा एकच चौक उरला, तो म्हणजे कॉलनीच्या नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेला बगीचा.

आता आमच्याच कॉलनीची गोष्ट. गेल्या वर्षी संघाची वार्षिक आमसभा रविवारी सकाळी दहाला बोलावली होती. टेंट हाउसमधून पन्नास खुर्च्या मागवल्या होत्या. साडेदहापर्यंत आलो आम्ही अकरा जण, त्यांतले सात सेवानिवृत्त. कोषाध्यक्षांनी हिशेब वाचला: चौकीदाराचा पगार, बोरिंगच्या मोटरची दुरुस्ती, तुंबलेली नाली, जळालेले पथदिवे. चंदा न देणाऱ्यांची यादी मात्र हिशेबापेक्षा लांब होती. शेवटी बगीच्याचा विषय निघाला. झोपाळ्याची साखळी तुटली आहे, चेंडू लागून एका गाडीची काच फुटली आणि त्यावरून दोन घरांत बोलाचाली बंद आहे, रात्री बाहेरची मुले येऊन सिगारेट ओढतात, आणि गंभीर धरण खाली गेले की नल एक दिवसाआड येतात, तेव्हा हिरवळ जगवावी की घरातली टाकी भरावी? ठराव आला की बगीच्याला कुलूप लावावे, सकाळी फिरणाऱ्यांसाठी सहा ते नऊ उघडावे, आणि “गेंद खेलना सख्त मना है” असा फलक लावावा. दोन मिनिटांत मंजूर झाला.

त्या अकरा हातांत एक हात आमचा होता. मुख्याध्यापकाचा! त्या वेळी काच डोळ्यांसमोर होती, मुले नव्हती. निबंधाची वही हातात येईपर्यंत आम्हांला या हाताची आठवणही झाली नव्हती.

म्हणून सगळा दोष समितीवर टाकणे आम्हांला पटत नाही. आमच्या सचिवांना आम्ही भेटलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सर, मुलांची बाजू बरोबर आहे, पण रात्री कुलूप लावायला कोण येणार? तुम्ही?” प्रश्न रास्त होता. तीन-चार म्हातारी माणसे साऱ्या कॉलनीचा गाडा ओढतात, त्यांना जे झेपते ते ती करतात, आणि कुलूप सर्वांत सहज झेपते. ज्यांच्या घरात मुले आहेत ते तिशी-चाळिशीतले आई-बाप सभेला एकही नव्हते. मुलांच्या वतीने बोलायला कोणी आलेच नाही, तर ठराव फिरणाऱ्यांच्या सोयीचाच होणार.

यात आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. प्रार्थनेच्या वेळी हात वर करणाऱ्यांत भाड्याच्या घरात राहणारी मुले बरीच होती. वडिलांची बँकेत किंवा सरकारी खात्यात बदलीची नोकरी. दरमहा चंदा ते देतात, रसीद घेतात, पण आमसभेची सूचना त्यांच्या दारी जात नाही, कारण पुष्कळ संघांच्या नियमावलीत सदस्य म्हणजे घराचा मालक. मालक इंदूरला किंवा पुण्याला. म्हणजे जो इथे राहत नाही त्याला मत आहे, आणि ज्याचे मूल रोज त्या फाटकाशी उभे असते त्याला नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली, देशातील पहिल्या अशा संस्थांपैकी एक. तिथे इमारती संस्थेच्या आणि सभासद संस्थेला भाडे देऊन राहणारे, अशी रचना होती. भाडे देणाराच कारभारी! शंभर वर्षांपूर्वी ज्यात कोणाला विचित्र वाटले नाही, ते आपल्याला आज का वाटावे?

कायद्याचे थोडे सांगणे भाग आहे, कारण “बगीचा संघाचा आहे, आम्ही काहीही करू” असे आम्ही स्वतः ऐकले आहे. जी कॉलनी नगर निगमला हस्तांतरित झाली, तिचे रस्ते आणि बगीचे निगमचे झाले. संघ फक्त देखभाल करतो. नव्या कॉलनीत २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे सामाईक जागा बिल्डरने रहिवाशांच्या संघाकडे सोपवायची असते, आणि संघ स्थापन करण्यात भाग घेणे हे घर घेणाऱ्याचे कर्तव्य म्हणूनच त्या कायद्यात लिहिले आहे. नकाशातील बगीच्याची किंमत न्यायालयानेही ओळखली आहे. बंगळूरच्या राजमहल विलास वस्तीत बगीच्यासाठी ठेवलेली जागा नर्सिंग होमसाठी देण्यात आली होती. रहिवासी भांडले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती मोकळी जागा तशीच राहिली पाहिजे असा निर्णय दिला. तेथील रहिवाशांनी जी जागा दवाखान्यालाही दिली नाही, तशी जागा आपण कुलपाला देऊन मोकळे झालो.

संघ १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखाली नोंदलेला असेल तर कार्यकारिणीची यादी आणि हिशेब दरवर्षी पंजीयकाकडे द्यावे लागतात. ते पाहायला मागणे म्हणजे समितीवर अविश्वास नव्हे. (हिशेब मागणाऱ्याने आधी स्वतःचा थकलेला चंदा भरावा, एवढी आमची सूचना.)

आमच्या कॉलनीत पुढे काय झाले, तेही सांगतो. आम्ही सातवी-आठवीच्या पालकांची घरे फिरलो, भाडेकऱ्यांचीही. महिला मंडळाच्या दोन ताईंनी फोन केले. सचिवांनी, आढेवेढे न घेता, विशेष सभा बोलावली. या वेळी खुर्च्या कमी पडल्या. तीन तास वाद झाला. ज्यांच्या गाडीची काच फुटली ते काका बराच वेळ रागावून बसले होते. शेवटी त्यांनीच सुचवले की लेदरचा चेंडू बंद, टेनिसचा चालेल. भाडेकऱ्यांना मत देण्यावर एकमत झाले नाही, नियमावली बदलावी लागेल म्हणून तो विषय पुढे गेला आहे. तूर्त सूचना त्यांच्याही दारी जाईल आणि त्यांना बोलता येईल. बगीचा संध्याकाळी पाच ते साडेसात उघडायचा ठरला. किल्ल्या तीन घरांत ठेवल्या आहेत, पैकी एक घर भाडेकऱ्याचे. सोमवारची आणि गुरुवारची पाळी आमची.

आपल्या कॉलनीच्या आमसभेची तारीख कळली की शाळेच्या कार्यालयात चिठ्ठी द्यावी. त्या रविवारी शाळेचा जादा वर्ग किंवा पालक सभा आम्ही ठेवणार नाही. आमच्या बगीच्यातला तो फलक मात्र अजून तसाच आहे आणि त्याच्याच खाली मुले स्टंप ठोकतात. पुसायला रंग आणायचा आहे, त्याचा खर्च पुढच्या सभेत मंजूर व्हायचा आहे.