पेरणीआधी सांगा

लातूरच्या आडतीवर २०२५ च्या हंगामात सोयाबीनला चार हजारांच्या आसपास भाव पुकारला गेला. त्या हंगामाचा हमीभाव ५,३२८. आडतदाराने मूठभर दाणे तळहातावर पसरले, काळे पडलेले बोटाने बाजूला सारले, उरलेले ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले. आकडा आला १७. हमीभाव केंद्राला १२ पर्यंतच चालतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने माल डागी झाला हे खरं, पण सगळं खापर पावसावर फोडू नका. ३० मे २०२५ च्या अधिसूचनेचा परिणामही मोंढ्यात दिसला.

त्या दिवशी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. तेव्हा मृग आठवड्यावर आला होता, बियाणं घरात येऊन पडलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेल्या शुल्कावर भरवसा ठेवून ज्यांनी औसा-निलंग्यात सोयाबीनचं क्षेत्र ठरवलं, त्यांनी आता काय करायचं? सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीवर जास्त ठरतो, हे मलाही कळतं. मक्यापासून इथेनॉल करताना निघणाऱ्या चोथ्याने पेंडीचं गिऱ्हाईक ओढलंय. तरीही पेरणीच्या तोंडावर तेलाचं शुल्क निम्म्यावर आणणं मला अक्षम्य वाटतं.

आयर्लंडकडे पाहा. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला आणि आयर्लंडच्या दुधा-मांसाची मोठी बाजारपेठ धोक्यात आली. प्रत्यक्षात जुनी व्यवस्था संपली ३१ डिसेंबर २०२० ला. मधली साडेचार वर्षं तिथल्या सरकारने वाया घालवली नाहीत. छोट्या निर्यातदारांना तयारीचा आराखडा करायला ५,००० युरोपर्यंत अनुदान दिलं. गोमांसाचे भाव पडले तेव्हा २०१९ मध्ये उत्पादकांसाठी १० कोटी युरोची योजना आणली. चेडर चीज मुख्यतः ब्रिटनला जायचं, म्हणून कॉर्क परगण्यातल्या दूध सहकारी संस्थेने नॉर्वेच्या कंपनीला हाताशी धरून वेगळ्या चीजचा कारखाना उभारला. ब्रिटनमधून युरोपात जाणारे ट्रक अडकतील, म्हणून रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सच्या डंकर्कला जहाज सुरू झालं. पहिली फेरी २ जानेवारी २०२१ ला. आयर्लंडचं भवितव्य शेजाऱ्याच्या हातात होतं, तरी गवळ्याला वेळ मिळाला. आपलं शुल्क आपल्याच सरकारच्या हातात आहे.

आणि बदलाआधी असा वेळ देणं आपल्या मातीला नवीन नाही. निजामाच्या राज्यात नांदेड-लातूरच्या मालाला करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. १९४८ नंतर ते एका रात्रीत उखडले नाहीत. राज्यघटनेच्या कलम ३०६ ने अशा संस्थानी राज्यांना जकात टप्प्याटप्प्याने मोडायला दहा वर्षांपर्यंत मुभा दिली, कारण तिजोरी आणि बाजार दोन्ही एकदम कोसळू नयेत. नवख्या प्रजासत्ताकाला एवढं सुचलं होतं.

दिल्ली म्हणेल, नेपाळमार्गे शुल्कमुक्त तेल येतंच होतं. मग तो मार्ग बंद करा. नेपाळात एवढं सोयाबीन पिकतच नाही. बाहेरचं कच्चं तेल तिथे शुद्ध होऊन इकडे येतं.

खरिपाच्या पिकांचं शुल्क मार्चअखेर जाहीर करावं आणि सुगी आटोपेपर्यंत त्याला हात लावू नये. सुरुवात तुरीपासून करता येईल. तिच्या शुल्कमुक्त आयातीला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदत दिली होती. पुढे काय, ते नांदेडच्या शेतकऱ्याला तिफण जुंपण्याआधी कळलं पाहिजे.