उस्ताद दूर, वजन खांद्यावर

व्यायामाचा उस्ताद आता भ्रमणध्वनीत येऊन बसला आहे. सकाळी काय खावे, संध्याकाळी किती बैठका माराव्यात, येत्या आठवड्यात सळईला किती किलो वाढवावेत, याचा आदेश पुण्याहून, दिल्लीहून, क्वचित परदेशातूनही येतो आणि मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतीत राहणारा विशीतला तरुण तो शिरसावंद्य मानतो. त्यासाठी तो दरमहा काही हजार रुपये मोजतो. सुस्थितीतील कुटुंबाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण जिथे एकाच्या मिळकतीवर पाच जणांचा उदरनिर्वाह चालतो, तिथे ती वाण्याच्या उधारीशी स्पर्धा करते. म्हणूनच असा दूरस्थ शिक्षक नेमावा की नेमू नये, हा प्रश्न केवळ हौसेचा उरत नाही. या शिक्षकाचा सरसकट धिक्कार करणे जितके अविचाराचे, तितकेच त्याच्या पिळदार छायाचित्रांना भुलून पैसे मोजणेही अविचाराचे आहे.

दुरून व्यायाम शिकवण्याची कल्पना काही इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानचा दौरा करून गेलेला युजेन सँडो आपला व्यायामक्रम टपालाने घरोघर पाठवीत असे. अमेरिकेत चार्ल्स अ‍ॅटलास याने त्याच मार्गाने नाव आणि पैसा मिळवला. बंगळूरचे के. व्ही. अय्यर आपल्या व्यायामशाळेच्या जोडीला पत्राद्वारेही शिक्षण देत असत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार पुस्तकांच्या द्वारे केला, तर बडोद्यास द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. तेव्हा व्यायामाचे ज्ञान कागदावरून मिळू शकते, यात शंका नाही. मात्र सूर्यनमस्कार किंवा जोर-बैठका यांत शरीराला स्वतःचेच वजन पेलायचे असते. चूक झाली तरी बहुधा अंग दुखून निभावते. पाठीवर ऐंशी किलो घेऊन खाली बसताना कणा वाकला, तर त्या चुकीची किंमत निराळी असते. पत्राने शिकवता येणारा व्यायाम आणि पत्राने शिकवण्यात धोका असलेला व्यायाम, हा भेद प्रथम लक्षात घेतला पाहिजे.

दूरस्थ शिक्षकाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. २०२० सालच्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील व्यायामशाळा बंद झाल्या आणि त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर रोजी, पुन्हा उघडल्या. मधल्या सात महिन्यांत असंख्य लोकांनी घरातल्या घरात, पडद्यावरच्या शिक्षकाकडे पाहून अंग हलते ठेवले. ती सवय पुढेही टिकली, याला कारण आहे. बलसंवर्धनाचे मूळ सूत्र म्हणजे भार हळूहळू, मोजून वाढवणे आणि मध्ये शरीराला विश्रांती देणे. आज किती वजन किती वेळा उचलले, झोप किती झाली, पुढच्या खेपेस काय करायचे, याची नोंद ठेवून जो आखणी करून देतो तो खरोखरच उपयोगी पडतो. आणि हे काम दुरून उत्तम करता येते. व्यायामशाळेत एकाच वेळी तीस जणांकडे पाहणाऱ्या शिक्षकाला ते पुष्कळदा जमत नाही.

शिवाय ज्यांच्या वेळा जगाच्या वेळांशी जुळत नाहीत, त्यांची सोय या पद्धतीत होते. रात्रपाळी करणारा पहारेकरी, पहाटे गाडी घेऊन बाहेर पडणारा चालक, दिवसभर घरोघर माल पोचवणारा तरुण यांना ठरलेल्या वेळी आखाड्यात हजर राहणे शक्य नसते. स्त्रियांचा प्रश्न तर याहून मोठा आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण वस्तीतल्या पुरुषांनी गजबजलेल्या व्यायामशाळेत पाऊल टाकण्याची मुभा किती सुनांना आणि मुलींना असते? दार लावून घेऊन, एखाद्या शिक्षिकेच्या सूचनेनुसार घरीच व्यायाम करता येणे, ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

एवढे मान्य केल्यावर दुसरी बाजू पाहिली पाहिजे. दूरस्थ शिक्षकापाशी योजना असते. त्याच्यापाशी नसतो तो जवळचा डोळा. शिष्याने धाडलेले चित्रण तो रात्री पाहतो आणि दुसऱ्या दिवशी चूक दाखवतो. पण गुडघा आत वळला तो क्षण तोवर होऊन गेलेला असतो. बाकावर उताणे पडून छातीवरून वजन उचलताना हात थकले, तर ती सळई मागच्या मागे उचलून घेणारा माणूस लागतो. तिथे हजार मैलांवरच्या तज्ज्ञापेक्षा शेजारी उभा असलेला सामान्य जोडीदार अधिक मोलाचा ठरतो. तालमीत वस्ताद काठाशी उभा राहून केवळ पाहत असे आणि मधूनच एखादाच शब्द टाकीत असे. त्या पाहण्यातच अर्धे शिक्षण होते.

याचा अर्थ बाहेरचे ज्ञान नको असा मात्र नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापुरात तयार झालेले खाशाबा जाधव यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी त्यांना रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरची कुस्ती आणि आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. तरीही त्या वर्षी ते सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. म्हणजे विद्या परकी असली तरी चालते. पण ती शिष्याच्या अंगात उतरेपर्यंत त्याच्यापाशी कोणीतरी उभे असावे लागते. गार्डनर यांच्या आधी घरच्या आणि गावच्या मातीने, तालमीतल्या जाणत्यांनी खाशाबांच्या शरीराची पायाभरणी करून ठेवली होती, हेही विसरता येणार नाही. दूरस्थ शिक्षक पाया झालेल्याला वर चढवू शकतो. पाया घालणे हे मात्र त्याच्या आवाक्यातले काम क्वचितच असते.

मानखुर्दच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक गंभीर अंग आहे, आणि ते दूरच्या शिक्षकाला दिसत नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात मानखुर्द ज्यात मोडते तो एम पूर्व विभाग शहरात अगदी तळाशी होता. शेजारी देवनारची कचराभूमी आहे. प्रकल्पग्रस्तांना आणि झोपडीवासीयांना इथे ज्या इमारतींत आणून बसवले, तिथे सव्वादोनशे चौरस फुटांची खोली आणि दोन इमारतींत जेमतेम काही फुटांचे अंतर, अशी स्थिती आहे. लल्लूभाई कंपाउंड, पीएमजीपी वसाहत आणि गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड येथील पुनर्वसन इमारतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेली पाहणी २०१८ साली पुढे आली. जिथे घरात ऊन आणि वारा पोचत नाही तिथे क्षयरोग अधिक, हा संबंध त्या पाहणीने दाखवून दिला.

आता अशा इमारतीतील एखाद्या किडकिडीत मुलाने ‘माझे वजन वाढत नाही, लवकर थकवा येतो’ असे दूरच्या शिक्षकाला कळवले, तर तो काय सांगेल? आहार वाढवा, प्रथिनांची भुकटी घ्या, आठवड्यातून चार दिवस वजने उचला, असे सांगेल. त्याच्या पुस्तकाप्रमाणे हा सल्ला बरोबरही असेल. पण त्या मुलाला भुकटीची नव्हे, तर थुंकीच्या तपासणीची गरज असू शकते. वजन घटणे, थकवा, रेंगाळणारा खोकला, संध्याकाळचा बारीक ताप यांचा अर्थ या वस्तीतल्या कोणत्याही परिचारिकेच्या ध्यानात येईल. सुखवस्तू उपनगरात बसून शंभर शिष्यांना एकच तक्ता पाठवणाऱ्याच्या तो येईलच असे नाही. तेव्हा शिक्षक जवळचा असो वा दूरचा, त्याला पहिला हप्ता देण्याआधी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना प्रकृती दाखवावी. तिथे क्षयाची तपासणी विनामूल्य होते.

भुकटीचा विषय निघालाच आहे, तर तोही स्पष्टपणे मांडला पाहिजे. अनेक दूरस्थ शिक्षकांची कमाई शिकवण्याच्या शुल्काइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, डबे विकण्यातून होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूत्रांत, शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असे म्हटले आहे. अंडी, दूध, डाळी, हरभरे, शेंगदाणे आणि ज्यांना चालते त्यांना मासळी, हा आहार नीट बेतला तर बहुतेकांचे काम भागते. त्याहून भयंकर आहे तो इंजेक्शनांचा छुपा व्यापार. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना स्टेरॉइडे विकणे हा गुन्हा आहे. हृदय, यकृत आणि प्रजननशक्ती यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात. तीन महिन्यांत कायापालट करून देण्याचे वचन देणाऱ्याला तरुणांनी पहिला प्रश्न विचारावा तो हाच की, हे कशाच्या बळावर?

येथे कोणी म्हणेल की, गल्लीतल्या व्यायामशाळेत तरी कोणता शास्त्री बसलेला असतो? आक्षेप योग्य आहे. आपल्याकडे व्यायाम शिकवण्यासाठी वकिलासारखी वा डॉक्टरसारखी सनद लागत नाही. स्वतःचे दंड फुगले की माणूस शिक्षक होतो. शिक्षकालाही शिक्षण लागते ही जाणीव जुन्या मुंबई सरकारला होती. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली ती त्यामुळेच. पुढे १९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली. खाजगी व्यायामशाळांच्या या अफाट पसाऱ्यात मात्र ती शिस्त उतरली नाही. पण गल्लीतला शिक्षक निदान गल्लीत असतो. त्याच्याकडून इजा झाली तर त्याला जाब विचारता येतो, आणि त्याच्या हाताखालून गेलेली दहा मुले डोळ्यांसमोर असतात. दूरच्या शिक्षकाची परीक्षा त्यानेच निवडलेल्या छायाचित्रांवरून करावी लागते.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आरोग्य आणि व्यायाम यांविषयी जाहिरातवजा सल्ला देणाऱ्या प्रमाणित तज्ज्ञांनी आपली अर्हता उघड करावयाची आहे, आणि तज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या इतरांनी आपला सल्ला वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, असे सांगावयाचे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, शिक्षक दिल्लीत असला तरी तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करण्याची मुभा दिली आहे. परंतु ज्याच्यापाशी पावती नाही, करारपत्र नाही, केवळ कोणाच्या तरी खाजगी खात्यावर पाठवलेले पैसे आहेत, तो आयोगापुढे काय सिद्ध करणार?

म्हणून ज्याला दूरस्थ शिक्षक नेमायचाच आहे त्याने काही पथ्ये पाळावीत. वर्षाचे पैसे एकदम देऊ नयेत; महिन्यामहिन्याने द्यावेत आणि प्रत्येक वेळी पावती घ्यावी. शिक्षकाची अर्हता लेखी मागावी. पहिल्या संभाषणात तो आपल्या जुन्या दुखण्यांविषयी, कामाच्या स्वरूपाविषयी, झोपेविषयी आणि खाण्याच्या ऐपतीविषयी विचारतो का, हे पाहावे. न विचारता तक्ता धाडणाऱ्याला नमस्कार करावा. दिवसभर पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालाला आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाला जो एकच व्यायाम सांगतो, त्याला शिक्षक कसे म्हणावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याने कधी सळई हातात धरलेली नाही त्याने निदान पहिले तीन महिने प्रत्यक्ष शिक्षकाच्या नजरेखालीच काढावेत. बसणे, वाकणे, उचलणे यांची ढब अंगवळणी पडली की मग दूरच्या जाणकाराकडून आखणी घेण्यास प्रत्यवाय नाही. तेव्हाही अवजड वजन एकट्याने उचलू नये.

तथापि सारी जबाबदारी तरुणांवर टाकून मोकळे होता येणार नाही. मानखुर्दचा मुलगा भ्रमणध्वनीकडे वळतो, कारण वळण्यासारखे दुसरे ठिकाण त्याला जवळपास सहसा सापडत नाही. व्यायामशाळांच्या विकासासाठी राज्य सरकारची अनुदान योजना आहे. लोकप्रतिनिधींच्या निधीतून बांधलेल्या खोल्या आणि उद्यानांतली व्यायामाची साधनेही शहरभर दिसतात. पण यंत्रे बसवली म्हणजे व्यायामशाळा होत नाही. तिथे नेमलेला, शिकलेला, पगारी माणूस लागतो. स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या वेळा लागतात. खेळती हवा लागते. उद्घाटनाच्या फलकावर जेवढा खर्च होतो, त्याहून थोडा अधिक खर्च त्या माणसाच्या वेतनावर दरमहा झाला तर दूरस्थ शिक्षकाचे गुण घेता येतील आणि दोष टळतील. आखणी कोठूनही येवो, तिच्यावर नजर ठेवणारा जाणता माणूस वस्तीत असेल. पुनर्वसनाच्या नावाखाली ज्यांच्या वाट्याचे ऊन-वारा कमी केले गेले, त्यांना शरीर कमावण्याची एक सुरक्षित जागा मागण्याचा हक्क आहे. ती मिळेपर्यंत मात्र मानखुर्दच्या तरुणाने मिळकतीतला पहिला रुपया आहारावर, दुसरा जवळच्या शिक्षकावर आणि उरलाच तर तिसरा दूरच्या उस्तादावर खर्च करावा. या क्रमात उलटापालट झाली, तर तिचे ओझे त्यालाच, आणि तेही एकट्यालाच, वाहावे लागेल.