‘एवढं करून परत वाढलं तर?’



या पानावर आपण जुन्या वाड्यांबद्दल, गल्लीतल्या गणपतीबद्दल, आजी-आजोबांच्या बोलीबद्दल लिहितो. आज जरा वेगळा विषय घेते. पुढच्या महिन्यात इथंच इंदूरला माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टर ज्याला बॅरिएट्रिक सर्जरी म्हणतात ते. घरातल्या दोघातिघांचं मत पडलं की बाहेर बोलू नकोस, पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगू. मी मात्र सगळ्यांसमोर लिहून राहिले आहे. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

आधी थोडे आकडे. माझं वजन 108 किलो, उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे बीएमआय 43 च्या वर. अकरा वर्षांचा मधुमेह, आणि रात्री श्वास अडकतो म्हणून नाकाला मशीन लावून झोपते. ऑपरेशन स्लीव्हचं. यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. काढलेल्या भागात भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन जास्त तयार होतं, त्यामुळे नुसती जागाच नाही तर भूकही कमी होते.

‘भीती वाटत नाही का?’ असं सगळे विचारतात. वाटते ना. पण लोकांना वाटते ती नाही. भूल, टाके, रक्तस्राव यांची भीती आहे, पण तिला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या ऑपरेशनांनंतरच्या पहिल्या 30 दिवसांत मृत्यूचं प्रमाण हजारी तीनच्या आसपास निघालं. जोखीम शून्य नाही, पण समजून घेता येते. खरी भीती दुसरीच आहे. एवढा खर्च, एवढा त्रास, मुलांच्या सुट्ट्या, आणि दोन वर्षांनी वजन परत वाढलं तर? मग लोक म्हणतील, ‘बघा, ऑपरेशनसुद्धा फेल केलं हिनं.’

माझं मत सरळ सांगते. ही भीती हॉस्पिटलात जन्मत नाही, आपल्या बैठकीच्या खोलीत जन्मते. आपल्याकडे नमस्काराआधी वजनाची चौकशी होते. ‘अगं, सुटलीस किती!’ नाहीतर ‘वा, छान उतरलीस!’ दोन्ही वाक्यं प्रेमानंच बोलली जातात, पण दोन्हींत मार्क दिलेले असतात. लहानपणापासून असे मार्क मिळालेल्या माणसाला वजनकाटा म्हणजे रिझल्टचा बोर्डच वाटतो. मग ऑपरेशनही बोर्डाची परीक्षा होऊन बसतं, आणि परीक्षा म्हटली की नापास होणं आलंच.

आता वजन परत का वाढतं, ते बघू या. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक प्रसिद्ध स्पर्धा व्हायची. त्यातल्या 14 जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यांनी सरासरी 58 किलो कमी केले होते, त्यातले 41 परत आले होते. आणि सहा वर्षांनंतरही त्यांचं शरीर विश्रांतीत दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे हे लोक आळशी झाले असं म्हणून भागत नाही. वजन झपाट्यानं उतरलं की शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटतं, ते काटकसर सुरू करतं, भूक वाढवतं. ज्यांनी दहा वेळा डाएट केलं आणि दहाही वेळा वजन परत आलं, त्यांना आपण इच्छाशक्ती नसलेले ठरवतो. खरं तर ते इतकी वर्षं स्वतःच्या शरीराशी झुंजत असतात.

यात गंमत बघा. आपल्याकडे आरोग्य विम्याच्या नियमांतही बीएमआय 40 असेल, किंवा 35 असून गंभीर आजार असेल, आणि वजन उतरवायचे साधे उपाय अयशस्वी ठरले असतील, तरच या ऑपरेशनचा खर्च मिळण्याची अट आहे. म्हणजे आधीचं अपयश ही या दारातून आत जायची चिठ्ठीच आहे. त्याची लाज कशाला धरायची?

‘आता इंजेक्शनं आली आहेत ना, मग कापाकापी कशाला?’ हाही प्रश्न येतो. कुणाला इंजेक्शन, कुणाला ऑपरेशन, हे डॉक्टरनं माणूस बघून ठरवायचं. पण इंजेक्शन बंद केल्यावरही बहुतेकांचं वजन बरंचसं परत येतं. हा दीर्घ आजार आहे. एकदा केलं आणि सुटलो, असा उपाय मधुमेहाला नाही, रक्तदाबाला नाही, आणि याला पण नाही.

मग यश कशाला म्हणायचं? इथं मी कागद-पेन घेऊन बसले, आणि मला सगळ्यात जास्त धीर या हिशोबानं दिला. माझ्या उंचीला बीएमआय 25 धरला तर वजन होतं 62 किलो. म्हणजे 46 किलो जास्तीचे. त्यातले निम्मे गेले तर सर्जन मंडळी साधारणपणे ऑपरेशन यशस्वी मानतात. म्हणजे 23 किलो जाऊन मी 85 वर आले, तर डॉक्टरांच्या वहीत मी पास. पण 85 किलोला माझा बीएमआय 34 असेल! एखाद्या मुंजीत कोणी काकू बघून म्हणतीलच, ‘ऑपरेशन केलं म्हणतात, दिसत तर नाही काही.’ एकच शरीर, पण डॉक्टरांच्या मापानं यश आणि पंगतीच्या मापानं अपयश. माप कुणाचं धरायचं, ते ऑपरेशनच्या आधी ठरवलं नाही तर नंतर पंगतीचंच माप आपल्या डोक्यात बसतं.

थोडं वजन परत येणं हेही आधीच हिशोबात धरलेलं बरं. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली गेलं आणि पुढे काही अंशी वाढलं. तरीही दहा वर्षांनी बायपासवाले मूळ वजनाच्या सुमारे 25 टक्के खाली होते, आणि ऑपरेशन न झालेले जवळजवळ होते तिथंच. ऑपरेशन झालेल्यांच्या गटात मृत्यूचं प्रमाणही कमी निघालं. तेव्हाची ऑपरेशनं आणि आजची स्लीव्ह एकच नाही, पण वाट अशीच असते. आधी खाली, मग थोडी चढण, मग सपाटी. चढण आली म्हणजे गाडी दरीत गेली असं नाही.

म्हणून मी भीतीचे दोन भाग केले. एक भाग कामाचा आहे, तो डॉक्टरांकडे नेला. वजन परत कशानं वाढतं? पहिलं कारण, दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकणं. येता-जाता सेवेचा बकाणा भरायची आपली इंदुरी सवय यातच येते. दुसरं, मऊ आणि पातळ गोड. पोळी अडेल, पण आपली इथली दाट शिकंजी, रबडी, आइस्क्रीम सुरळीत खाली उतरतात. तिसरं, तपासणीला जाणं सोडणं. बी12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर लागतात. रोज 60 ग्रॅमच्या वर प्रथिनं खायची आहेत, आणि आपल्या पोहे-पोळी-भाताच्या पानात ती आपोआप येत नाहीत. समुपदेशन करणाऱ्या बाईंनाही स्पष्ट सांगितलं की मन खट्टू झालं की माझा हात डब्याकडे जातो, आणि पोट लहान झालं तरी मन तेवढंच राहणार आहे. त्या म्हणाल्या, हे आधी बोललात ते बरं झालं, त्याची तयारी करता येते. या भीतीचं वेळापत्रक होतं, यादी होते. ती ठेवायची.

दुसरा भाग लोकांच्या तोंडाचा. त्याचं कोणी डॉक्टर काही करू शकत नाही. ते तुम्ही-आम्हीच करू शकतो, आणि म्हणून हे इथं लिहिते आहे.

लपवून केलं तर काय होतं, विचार करा. लग्नाच्या पंगतीत ‘पित्ताशयवाली’ म्हणून बसले की जिलबीचा आग्रह होणार. पानात टाकायचं नाही हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. आणि माझ्या पोटात मावणार वाटीभर. एक घास जास्त झाला की उलटी. खोटं बोलणाऱ्याला नाही म्हणायचं कारणच उरत नाही. आणि पुढे वजन थोडं वाढलं तर एकटीनं घाबरायचं, कारण मदत मागायची तर आधी खोटं उघडं करावं लागतं. लाजेपायी लोक तपासणीला जायचं टाळतात, आणि तपासणी टळली की वजन खरंच वाढतं. ही गुप्तताच अपयशाला घरात घेऊन येते.

प्रत्येकानं गावभर सांगावं असं माझं म्हणणं नाही. ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. पण निदान पाच माणसं तरी अशी हवीत की ज्यांना खरं माहीत आहे आणि जी मार्क देत नाहीत. माझ्या पाचांना मी एक कागद दिला आहे. त्यावर वजन लिहिलेलं नाही. लिहिलं आहे ते असं : इन्सुलिनची युनिटं किती उरली, रात्री मशीन लागतं का, बुटाची लेस स्वतः बांधता येते का, तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढता येतं का, भजनाला मांडी घालून बसता येतं का. सहा महिन्यांनी, वर्षानं, पाच वर्षांनी मला हे विचारा.

बाकी तुम्हा मंडळींना एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात, वाड्यात, सोसायटीत कोणीतरी असं ऑपरेशन करून घेणार असेल, किंवा चोरून करून आलं असेल. त्यांना ‘किती उतरलं?’ विचारू नका, ‘कसं वाटतंय?’ विचारा. पंगतीत वाढताना त्यांचा हात आडवा आला की वाढणाऱ्यानं पुढे सरकावं. आग्रह ही आपली मोठी रीत आहे, पण तिच्यात समोरच्याचं पोट ओळखणंही बसतं. आणि कधी कुणाचं वजन थोडं परत आलेलं दिसलं, तर गप्प बसा आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जा.